नमुना क्रमांक सतरा

भुंगेरे अर्ज घेऊन तहसील कचेरीत आले तेव्हा माझी जेवणाची सुट्टी चालू होती, म्हणून ते दोन वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पाच जण होते. टोकन रीतसर घेतलेलं होतं. मी डबा धुऊन आले, खिडकी उघडली आणि एकसष्ट नंबर पुकारला. बाकावरून उतरून, टेबलाच्या पायावरून चढून माझ्यासमोर यायला त्यांना आणखी वीस मिनिटं लागली. बासष्ट नंबरचा माणूस मागे कुरकुरायला लागला. मी त्याला म्हटलं, "अहो, त्यांचा नंबर आहे, ते येतायत. तुम्हाला एवढी घाई असेल तर उद्या या."

मी प्रमिला नेरुरकर, अव्वल कारकून. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची सहा प्रजाती नोंद टेबलावर. एका बाजूला रेशनकार्ड, दुसऱ्या बाजूला फेरफार, मध्ये मी. टेबल तसं शांत असतं. पावसाळ्यात बेडकांची गर्दी होते तेवढीच.

हे भुंगेरे रिठ्याएवढे, काळेभोर. त्यांच्या पाठीवरची दोन्ही कवचं मधोमध जुळून गेलेली असतात, त्यामुळे पंख उघडत नाहीत. उडणं त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांत कोणाला ठाऊक नाही आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. आमच्या तालुक्यात कातळाची दोन मोठी पठारं आहेत, एक उगवतीचा सडा आणि एक मावळतीचा सडा, मध्ये खोल दरी. जगात हे भुंगेरे या दोन सड्यांवरच राहतात. सड्यावरून तालुक्याला चालत यायला त्यांना अकरा दिवस लागतात. म्हणून भुंगेऱ्यांना "उद्या या" म्हणायचं नाही असा माझा नियम आहे. एकदा चुकून म्हटलं होतं. ते बिचारे रात्रभर खिडकीच्या पट्टीवर बसून राहिले आणि मी घरी जाऊन आमटीभात जेवले. ते मला अजून लागतं.

पाचांतला पुढचा होता बाबल उगवतकर. सड्यावर त्याचा शब्द चालतो. भुंगेरे कचेरीत आले की शुद्ध बोलायची धडपड करतात. रागावले की मग खरी भाषा बाहेर येते.

मी अर्ज वाचला. विषय लिहिला होता, "आम्ही वेगळे असल्याबाबत."

"वेगळे म्हणजे कोणापासून?" मी विचारलं.

"मावळतीच्या सड्यावरच्या भुंगेऱ्यांपासून," बाबल म्हणाला. "ते वेगळे, आम्ही वेगळे."

"भांडण झालंय का?"

"छे हो बाई. चांगली माणसं आहेत."

मग त्याने जिल्ह्याहून आलेल्या पत्राची नक्कल पुढे केली. तिघांनी मिळून ती ओढत आणली होती. पत्रात लिहिलं होतं की तालुक्यात हेलिकॉप्टर उतरण्यासाठी सपाट जागा हवी आहे. सडे दोन आहेत, भुंगेरे मात्र नोंदीप्रमाणे एकाच प्रजातीचे आहेत. एका प्रजातीला एक सडा पुरतो. सबब उगवतीचा सडा हेलिपॅडसाठी घ्यावा, कारण तिथवर रस्ता आहे.

"चारशे घरं आहेत आमची, दगडाखाली," बाबल म्हणाला. "आम्हाला उडता येत नाही बाई. वरून ते यंत्र उतरायला लागलं तर आम्ही पळायचं किती आणि कुठे?"

मी त्याला पोच दिली. दोन प्रजाती असतील तर दोन सडे, हा सरळ हिशेब होता. पण वेगळेपण सिद्ध व्हायला हवं, नुसतं म्हणून चालत नाही.

तहसीलदार मुलाणी साहेब सोलापूरकडचे. शांत माणूस, आवाज चढवत नाहीत, पण कागद दोनदा वाचल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाहीत. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"दोन्हीकडचे दिसायला वेगळे आहेत का?"

"नाही साहेब. मी भिंग लावून बघितलं. डिट्टो सारखे."

"मग दिसण्यावर जायलाच नको. रक्त तपासू."

"त्यांना आपल्यासारखं रक्त नसतं साहेब."

"मग काय असतं?"

"पाय असतात," मी म्हटलं.

साहेबांनी पुण्याच्या प्रयोगशाळेला पत्र घातलं. तिथल्या डॉक्टर शलाका उंब्रजकर किड्यांच्या जनुकांचं काम करतात. आईबापांकडून पोरांत काय काय उतरलं, कोणाचं घराणं कोणापासून कधी फुटलं, हे त्या पायाच्या एका तुकड्यावरून सांगतात. त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं. प्रत्येक सड्यावरून चाळीस नमुने हवेत. नमुना म्हणजे प्रत्येकी एक पाय, डावीकडचा मधला. पुढचा पाय घेतला तर भुंगेऱ्याला खणता येत नाही, मागचा घेतला तर चढ चढवत नाही. मधल्यावाचून भागतं.

आधी उगवतीच्या सड्यावर शिबिर लावलं. टेबल, छत्री, स्पिरिटच्या बाटल्या आणि फॉर्म घेऊन मी कातळावर बसले. अर्जदारांची रांग पार निवडुंगापर्यंत गेली होती. एकेक जण पुढे येई, नाव-गाव सांगे, 'पाय स्वखुशीने दिला' यावर खूण करी आणि पाय काढून बाटलीत टाकी. कोणी हूं की चूं केलं नाही. मीच दोनदा उठून पाणी पिऊन आले.

सोळा नंबरला बाबल झाला. सतरा नंबरला त्याची बायको आली.

"नाव?"

"सुगंधा बाबल उगवतकर."

"मूळ ठिकाण?"

"मावळतीचा सडा," ती म्हणाली.

माझं पेन थांबलं. आजवर एकाही भुंगेऱ्याने दरी ओलांडल्याचं मी ऐकलं नव्हतं. "तू तिकडची? मग इकडे कशी?"

"चालत आले. सात महिने लागले."

"अगं पण कशासाठी?"

"हा संध्याकाळी मागचे पाय कवचावर घासून वाजवत बसतो ना, ते दरीपलीकडे ऐकू यायचं. इतकं बेसूर कोण वाजवतंय ते बघायला निघाले. म्हटलं, तोंडावर सांगून यावं."

"मग?"

"सांगितलं. तेव्हापासून इथेच आहे."

"अजून सांगतेच आहे," बाबल बाजूने म्हणाला. पाच पायांवर तो जरा तिरपा उभा होता.

मला हसू आलं. हसता हसता मी फॉर्मवर वाकले आणि म्हटलं, "हे बघ, लग्न झालंय ना? मग मूळ ठिकाण सासरचं लिहायचं."

"पण बाई, मी जन्मले तिथे..."

"जन्मतात गं सगळ्याच कुठे ना कुठे. कागदावर सासर येतं. माझंच बघ. जन्म राजापूरचा, आणि एकतीस वर्षं सगळीकडे नेरूर लागतंय. मी काही मेले नाही त्याने."

मी ठळक अक्षरात लिहिलं, उगवतीचा सडा. सुगंधाने माझ्याकडे एकदा बघितलं, पाय बाटलीत टाकला आणि पुढच्याला जागा दिली. मी बाटलीवर चिठ्ठी डकवली. नमुना क्रमांक सतरा.

पुढच्या आठवड्यात मावळतीच्या सड्यावरचेही चाळीस पाय जमा झाले आणि ऐंशी बाटल्या पुण्याला गेल्या.

अहवाल दोन महिन्यांनी आला. मी पाकीट फोडलं तेव्हा बाबल खिडकीतच होता. अहवाल यायच्या सुमाराला पोचावं म्हणून तो अकरा दिवस आधी निघाला होता. लिहिलं होतं, "उगवतीच्या सड्यावर मावळतीचा वंश आढळून आला. दोन्ही सड्यांमध्ये ये-जा असल्याचे दिसते. सीमा स्पष्ट करता येत नाही. सबब दोन्हीकडील भुंगेरे एकाच प्रजातीचे धरावेत."

बाबलला मी ते वाचून दाखवलं. तो "बरं," म्हणाला आणि टेबलाच्या पायावरून खाली उतरायला लागला. अर्ध्यावर गेल्यावर थांबून त्याने विचारलं, "सड्याची मोजणी कधी?"

"एकवीस तारखेला."

"म्हणजे घरी पोचल्यावर दहा दिवस राहतात," तो म्हणाला. "चारशे घरं कुठे न्यायची दहा दिवसांत?"

तो गेल्यावर मी अहवालाला जोडलेली यादी चाळली, उगाच, हाताला चाळा म्हणून. उगवतीच्या चाळीस नमुन्यांपैकी एकोणचाळीस एका घराण्यातले निघाले होते. एकच वेगळा निघाला होता आणि त्याच्यापुढे लाल खूण होती. नमुना क्रमांक सतरा.

मी कपाळावर हात मारला. "अरे माझ्या कर्मा!" असं इतक्या मोठ्याने म्हणाले की फेरफारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ती पोर सांगत होती, मी मावळतीची, मी मावळतीची. आणि मी शहाणी तिला कागद शिकवत होते.

पुण्याला फोन लावला. डॉक्टर शलाका म्हणाल्या, "एक नमुनाही पुरतो बाई, ये-जा आहे म्हणायला. तिचा जन्म कुठला?"

"मावळतीचा."

"मग फॉर्मवर उगवतीचा सडा कसा?"

"लग्न होऊन आली म्हणून."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "शुद्धिपत्र पाठवा. तिचा नमुना पलीकडच्या चाळिसांत धरला तर चित्र बदलेल असं वाटतंय."

मी शुद्धिपत्र टाईप करायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. नियमावली मला पाठ आहे, तीच नडली. प्रजाती दोन ठरल्या तर दोन्ही सडे राखीव होणार. आणि राखीव अधिवासात बाहेरच्या प्रजातीला तीस दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. गाईंना चालतं, त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे. सुगंधासाठी नव्हतं. शुद्धिपत्र गेलं की सडा वाचणार होता आणि सुगंधाला तो सोडावा लागणार होता.

तिला न विचारता एकदा तिचं गाव लिहून बसले होते. पुन्हा तीच चूक करायची नव्हती. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, एसटीने फाट्यावर उतरले आणि सडा चढून गेले. बाबल अजून तालुक्याच्या वेशीवरच होता, त्याला निघतानाच रुमालात घेतलं होतं. त्याच्या घरी, म्हणजे एका सपाट चिऱ्याशी, सुगंधा दाराशीच होती. आत ओल्या मातीत नऊ पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या.

मी कातळावर मांडी घातली आणि दोघांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"नको बाई," बाबल लगेच म्हणाला. "तुमचं चुकलेलंच राहू दे."

"मग हेलिपॅड?"

"होवंदे!"

"काय होवंदे?" सुगंधा त्याच्या अंगावरच गेली. "चारशे घरां खंय जातली? तुझ्या पाठीवर बसतली?"

"आणि पोरां?"

"पोरांका मी घेऊन जातंय."

"सात म्हयने? तेंका अजून धड चालूक येणा नाय!"

बराच वेळ दोघं भांडत होती. आजूबाजूच्या दगडांखालून शेजारी डोकावून बघत होते, पण मध्ये कोणी पडलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की आपलं घर वाचायचं असेल तर तिला जावं लागणार आहे आणि हे तिला सांगायची कोणाचीच हिंमत नव्हती. एक म्हातारी भुंगेरीण तेवढी म्हणाली, "तिला सक्ती करू नका." त्यावर डोकावणारे सगळे आपापल्या दगडाखाली गेले.

मग सुगंधा माझ्याकडे वळली आणि शुद्ध बोलायला लागली. "बाई, दुरुस्ती करा. माझा जन्म जिथला तिथला लिहा. मी तेव्हाच सांगितलं होतं."

ती हे चिडून म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं. मी तिची माफी मागितली. एकतीस वर्षांत टेबलावर बसून मी कोणाची माफी मागितली नव्हती, कातळावर बसून मागितली.

दुरुस्त अहवाल मोजणीच्या तीन दिवस आधी आला. दोन्ही सड्यांवरचे भुंगेरे दिसायला सारखे असले तरी प्रजाती दोन आहेत. दोघांची घराणी नऊ लाख वर्षांपूर्वी फुटली. सीमा स्पष्ट आहे. ती दरीतून जाते. मुलाणी साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, टोपण काढलं आणि सही केली. हेलिपॅड रद्द झालं.

बातमी द्यायला मीच सड्यावर गेले. चारशे घरांतले भुंगेरे बाहेर आले आणि मागचे पाय कवचावर घासून वाजवायला लागले. ऐकवत नव्हतं, पण मी कान झाकले नाहीत. बाबल वाजवत नव्हता. माझ्या पर्समध्ये दुसरा कागद होता, तो मी सुगंधाला दिला. तीस दिवसांत सडा सोडण्याची नोटीस. प्रवासाचे सात महिने वेगळे धरले होते, तेवढी सवलत मी लिहून घेतली होती. अळ्यांबद्दल नोटिशीत एक ओळ होती, "सदर अपत्ये कोणत्याही नोंदलेल्या प्रजातीत आढळत नसल्याने दोन्ही अधिवासांत बाहेरची समजण्यात यावीत."

सुगंधाने ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"म्हणजे माझ्याबरोबर पलीकडे आली तरी तिथूनही काढणार?"

"हो."

"मग ती राहणार कुठे बाई?"

मी तिथून निघाले ती कशी खाली उतरले मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि फाइल टेबलावर आपटली.

"नेरुरकर बाई," साहेब म्हणाले, "नियम मी केलेला नाही."

"चूक मी केली होती साहेब, ती मी निस्तरली. आता नियम तुम्ही निस्तरा. मला काही सांगू नका. नऊ पोरं आहेत मातीत, त्यांनी कोणाचं काय घोडं मारलंय?"

साहेबांनी मला बसायला सांगितलं. चहा मागवला. मग फाइल उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागले. माझा चहा पिऊन झाला तरी ते वाचतच होते. शेवटी त्यांनी मान वर केली.

"पोरं कोणाची?"

"दोघांची. कोणाची म्हणजे?"

"ते कळलं हो. कोणत्या प्रजातीची?"

हे कोणी तपासलंच नव्हतं. 'आढळत नाहीत' असं मी लिहिलं होतं, कारण मी वहीत शोधलं आणि मला आढळली नाहीत.

"बोलवा डॉक्टरीणबाईंना," साहेब म्हणाले.

डॉक्टर शलाका स्वतः आल्या. जेमतेम पस्तिशीची बाई, पायात रबरी बूट, गळ्यात भिंग. त्या चिऱ्याशी वाकल्या तर बाबल आडवा उभा राहिला. "माझे बाकीचे पाच घ्या," तो म्हणाला. "पोरांच्या पायांना हात लावू देणार नाही."

"पाय नकोच आहेत," शलाकाबाई म्हणाल्या. "अळ्या वाढताना कात टाकतात ना? ती टाकलेली कात पुरते मला. ठेवली आहे का?"

सुगंधाने ठेवली होती. नऊच्या नऊ काती घडी घालून तिने दगडाच्या फटीत जपून ठेवल्या होत्या. लहानपणीचे कपडे, ती म्हणाली, टाकवत नाहीत.

या वेळी अहवाल पोस्टाने आला नाही. शलाकाबाई तो घेऊन पुण्याहून गाडी चालवत आल्या आणि साहेबांपुढे ठेवला.

"निम्मं आईच्या घराण्याचं, निम्मं बापाच्या," त्या म्हणाल्या. "नऊही जणांत. आम्ही असं आजवर बघितलेलं नाही."

"मग तुमची ती सीमा खोटी की काय?" साहेबांनी विचारलं.

"खोटी नाही. नऊ लाख वर्षांत एक जण दरी ओलांडून आली, म्हणून दरी काही बुजली नाही. पण आलीच आहे, आणि पोरंही धडधाकट आहेत. ती उगवतीत बसत नाहीत आणि मावळतीतही बसत नाहीत."

"दोन्हीत बसत नाहीत," साहेब स्वतःशीच म्हणाले. त्यांनी नियमावली ओढली, पानं उलटली आणि एका कलमावर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. ते कलम मला पाठ होतं, पण कधी लागलं नव्हतं म्हणून डोक्यातून गेलं होतं. जो अर्जदार नोंदलेल्या कोणत्याही प्रजातीत बसत नाही त्याची तहसीलदाराने स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद करावी.

"किती जण आहेत?"

"नऊ," मी म्हटलं.

"नऊ जणांची प्रजाती. म्हणजे जिल्ह्यात सगळ्यात दुर्मिळ हीच. हिचा अधिवास किती?"

"एक चिरा, साहेब. चार बाय चार फूट."

"मग तेवढा सड्यातून वेगळा काढून राखीव करा. पाहणी करा, अधिवासात काय काय आहे त्याची यादी जोडा. यादीतला घटक कोणालाही हलवता येत नाही. आम्हालाही नाही, जिल्ह्यालाही नाही." मग जरा थांबून ते म्हणाले, "यादी नीट करा नेरुरकर बाई. काही विसरू नका."

आम्ही दोघी त्याच दुपारी सड्यावर गेलो. शलाकाबाई तीन दिवस चिऱ्याशेजारी बसून होत्या, त्या सांगतील ते मी लिहून घेत होते. नऊ अळ्यांना जगायला काय काय लागतं ते त्यांनी एकेक करून तपासलं. ऊन किती, ओल किती, भूक लागली की कोणाकडे वळतात. यादी पाच घटकांची झाली. ती मी फाइलला लावली आणि साहेबांपुढे ठेवली.

साहेब मोठ्याने वाचायला लागले. "एक, चिरा. दोन, ओली माती. तीन, शेवाळ. चार, आई." ते थांबले. "आई हा घटक कसा?"

"अळ्यांना कुजलेलं पान तसंच खाता येत नाही," शलाकाबाई म्हणाल्या. "सुगंधा चावून मऊ करून भरवते. ती हलली तर अधिवास मोडतो."

"पाच, वडील?"

"तो संध्याकाळी वाजवतो. मी एक दिवस त्याला गप्प बसवून बघितलं. एकही पोर झोपलं नाही."

"बेसूर वाजवतो म्हणे."

"त्यांना तोच सूर लागतो साहेब," मी म्हटलं. "लिहिलंय मी शेऱ्यात."

साहेबांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. टोपण काढलं. सही केली, खाली तारीख घातली आणि सुगंधाच्या नोटिशीवर आडवी रेघ मारून लिहिलं, "सदर व्यक्ती अधिवासाचा भाग असल्याने नोटीस रद्द." प्रजातीच्या नावाचा रकाना मोकळा होता. मी विचारलं काय लिहू, तर म्हणाले, "मोठी झाली की पोरं ठरवतील. पेन्सिलने तसं लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. नंतर स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारून आले, कारण लाल डोळे घेऊन टेबलावर बसणं बरं दिसत नाही.

हुकूम घेऊन मी सड्यावर गेले तेव्हा सुगंधा निघायच्या तयारीत होती. अळ्यांना न्यायला तिने पळसाच्या पानाची घडी करून ठेवली होती. बाबल तिच्याशेजारी नुसता उभा होता. मी बसले, चष्मा लावला आणि हुकूम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. आई आणि वडील हे शब्द मी जरा सावकाश वाचले.

सुगंधाने पानाची घडी सोडली आणि ते पान दारात अंथरलं.

"मी कितवी?" तिने विचारलं.

"चौथा घटक."

"आणि हा?"

"पाचवा."

तिने बाबलकडे वळून बघितलं. "ऐकलंस? चार नंबर माझा. तू मागे."

बाबल एक पाऊल मागे सरकला. तेव्हापासून तो तिच्या मागून चालतो, आणि नोंदवहीतही तसंच आहे.